चाकातलं पाणी

ट्रॅक्टरचं मागचं चाक डोळ्यांसमोर आणा. घाई नको. आधी फक्त चाक. त्याचा घेर, टायरवरच्या जाड तिरक्या पट्ट्या, त्या पट्ट्यांच्या खाचांत वाळून बसलेली काळी माती. टायरच्या बाजूला १३.६-२८ असं काहीतरी उमटवलेलं दिसेल. रबराची रुंदी साडेतेरा इंचांच्या आसपास आणि आतली लोखंडी रिम अठ्ठावीस इंचांची, असा त्याचा अर्थ. शेजारी उभं राहिलात तर हे चाक तुमच्या छातीला लागेल.

महिना एप्रिलचा. जागा सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या पुढचं खोल काळं रान. ज्वारी निघून गेली आहे, रान मोकळं पडलंय, उन्हानं जमिनीला भेगा पडल्यात. ट्रॅक्टरच्या मागं पलटी नांगर जोडलाय. इंजिन अजून सुरू झालेलं नाही. तोवर एवढंच मनात धरून ठेवा की एवढ्या मोठ्या चाकाच्या आत हवेशिवाय काही नाही.

आता इंजिन सुरू होऊ द्या, नांगर खाली सोडू द्या. फाळ रुतला. ट्रॅक्टर चार-सहा हात पुढं गेला आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. मातीचा भुगा मागं उडतोय, धूर काळा झालाय, नांगर तसूभर हलत नाही. "गाडी स्लिप मारतीय," ड्रायव्हर म्हणतो आणि क्लच दाबतो.

इथंच थांबा, या क्षणाकडं नीट बघा. इंजिनात ताकद कमी नाही, चांगली पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरची आहे. गिअरमधून, एक्सलमधून ती चाकापर्यंत पोचलीसुद्धा आहे. चाक गरागरा फिरतंय ते त्यामुळंच. अडलंय ते अगदी शेवटच्या वीतभर जागेत, जिथं रबर मातीला टेकतं. चाकानं मातीला मागं रेटायचं आणि मातीनं ते रेटणं सोसून चाकाला पुढं लोटायचं, असा हा दोघांचा व्यवहार आहे. माती जेवढं सोसेल तेवढंच चाक ओढेल. आणि माती किती सोसेल हे ठरतं तिच्या स्वतःच्या घट्टपणावर आणि चाक तिच्यावर किती भारानं उभं आहे त्यावर. घट्टपणा आपल्या हातात नाही. भार आहे.

म्हणून मनन करायचंय ते भाराचं. ओझं या अर्थानं आपण रोज भाराचा विचार करतो, तो कमी व्हावा असं म्हणतो. इथं उलटी गोष्ट आहे: यंत्र हलकं पडलंय म्हणून अडलंय. हा विचार थोडा वेळ तसाच राहू द्या, लगेच त्याचा अर्थ काढू नका.

ट्रॅक्टर यायच्या आधीपासून हे सोलापूरच्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. कुळव हलका पडून वरवर सरकायला लागला, फास मातीत बसेना, की कुळवाच्या दिंडावर दगड ठेवत. दगड हाताशी नसला तर घरातलं पोर बसवत. मैंद, म्हणजे ढेकळं फोडायची फळी, फिरवताना माणूस स्वतःच फळीवर उभा राही आणि बैलांचे कासरे धरून अख्खं रान सपाट करी. त्या फळीवर उभ्या माणसाला आठवा, किंवा नुसता मनात उभा करा. पायाखालची फळी ढेकळांवरून उड्या मारतेय आणि तो गुडघ्यात किंचित वाकून तोल सांभाळतोय. तो काही करत नाहीये असं लांबून वाटेल. त्याचं तिथं असणं हेच त्याचं काम आहे. त्याच्या अंगाचं वजन ढेकळं फोडतंय.

आणि संध्याकाळी तो फळीवरून खाली उतरतो. दगड बांधावर ठेवला जातो. मोकळा कुळव घराकडं निघतो तेव्हा बैलांना ते वजन वाहावं लागत नाही. या उतरण्याकडं लक्ष असू द्या, पुढं ते कामाला येणार आहे.

आता चाक भरू या. हे काम मुळातच सावकाशीचं आहे.

मागचा एक्सल जॅकवर घ्यायचा, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत. मग चाक हातानं फिरवायचं आणि वॉल्व्ह वरच्या बाजूला, घड्याळात बाराचा आकडा असतो तिथं, आणून ठेवायचा. वॉल्व्हच्या आतली पिन काढली की हवा निघायला लागते. आधी जोरात, मग हळू, मग नुसता सुस्कारा. ती सगळी जाऊ द्या. मग पाईप जोडायचा. पाणी आत शिरताना आतल्या हवेला बाहेर यायला वाट लागते, म्हणून या कामाच्या नळीला दोन तोंडं असतात; तशी नळी नसली तर मधूनमधून पाईप काढून हवा सोडावी लागते. घाई केली की पाणी शिरतच नाही. ट्यूब फुगते, पाईप निसटतो, अंगावर फवारा येतो.

पाणी चढतंय. बाहेरून काही दिसत नाही. हात टायरवर ठेवा. जिथवर पाणी आलंय तिथवर रबर गार लागेल आणि त्याच्या वर उन्हानं तापलेलं. ही गार-गरमची सीमा हळूहळू वर सरकते. एप्रिलात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढं असतो, त्यामुळं ती सीमा हाताला स्पष्ट कळते. तुमचं ध्यान त्या सीमेवर राहू द्या. जेवढी ती वर जाईल तेवढं चाक जड झालं.

किती पाणी? टायरच्या मापाप्रमाणं एका चाकात साधारण दीडशे ते अडीचशे लिटर बसतं. दोन्ही चाकांचं मिळून चारशे लिटर धरलं तर चारशे किलो. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा आपण त्याच्या चाकांत ओतला. तोही कुठं? अगदी खाली, जमिनीलगत. हे वजन ना स्प्रिंगांवर येतं, ना बेअरिंगवर, ते चाकातून सरळ मातीवर टेकतं. लोखंडाची ओतीव वजनं विकत मिळतात, बोल्टानं चाकाला लागतात, चांगली असतात. पण त्यांना पैसे पडतात. पाणी विहिरीत आहे.

विहिरीत आहे, असं लिहून हात थबकतो. कारण आपण सोलापुरात आहोत. मंगळवेढा आणि सांगोला तालुक्यांत कितीएक उन्हाळे टँकरकडं डोळे लावून गेलेत. टंचाईत टँकरचं पाणी द्यायचा सरकारी हिशेब माणशी दिवसाला २० लिटरचा. त्या हिशेबानं दोन चाकांत वीस माणसांचं एका दिवसाचं पाणी बसलंय. हंड्यानं मोजलं तर पंचवीसच्या वर हंडे होतील, आणि त्यातला प्रत्येक हंडा कुणातरी बाईच्या कमरेवरून आलेला असू शकतो. पाणी तिच्या कमरेवर असतानाही वजनच असतं. पंधरा लिटर, पंधरा किलो, अर्धा मैल.

या विचारापाशी बसा. त्याला लगेच उत्तर देऊ नका. मला वाटतं, दुष्काळी मुलखात राहणाऱ्यानं पाण्याच्या कुठल्याही वापरापुढं एवढा वेळ बसलंच पाहिजे. मग दुसरी बाजूही बघा. चाकातलं पाणी खर्च होत नाही. ते पिकाला जात नाही, वाफ होऊन उडत नाही, गटारात जात नाही. ट्यूब चांगली असेल तर जेवढं भरलं तेवढंच महिन्यांनी बाहेर येतं. त्याला पिण्याचं पाणी लागत नाही, बोअरचं मचूळ पाणीही चालतं. फार खारं मात्र नको, ट्यूब झिरपली तर ते रिम आणि वॉल्व्हचं लोखंड खातं. आणि ते भरायची वेळही आपल्या हातात असते. पाऊसकाळ बरा झालेल्या वर्षी पौषात विहिरीला पाणी असतं, तेव्हा भरून ठेवलेलं चाक वैशाखात कुणाचा हंडा अडवत नाही. ज्या उन्हाळ्यात गावात टँकर आलाय त्या उन्हाळ्यात चाकं भरू नयेत, उथळ नांगरावं किंवा नांगरटच पुढं ढकलावी. हे माझं मत आहे, आणि ते मी तडजोड न करता सांगतो.

पाणी वॉल्व्हपर्यंत आलं. तिथून बाहेर सांडायला लागलं की थांबायचं. वॉल्व्ह सगळ्यात वर धरूनही रिमच्या वरचा भाग रिकामाच राहतो, म्हणजे टायर साधारण पाऊण भरतो. उरलेल्या पाव जागेत हवा भरायची.

आता लक्ष पाण्यावरून काढून त्या पाव भागातल्या हवेकडं न्या. टायर पूर्ण का भरत नाहीत? वजनच हवं असेल तर शंभर लिटर आणखी गेले तर बरंच. पण पाणी दाबलं तरी दबत नाही. पूर्ण भरलेलं चाक दगडावर आदळलं तर तो धक्का पाण्यातून तसाच्या तसा रबराच्या धाग्यांना, रिमला, एक्सलला आणि शेवटी ड्रायव्हरच्या मणक्याला बसतो. हवा दबते आणि परत फुलते. ती पाव भाग हवा आहे म्हणून टायर जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणं वाकतो, पसरतो, त्याचा पाया रुंद होतो. रेडिअल टायरची बाजू तर मुद्दाम लवचिक केलेली असते, तिच्यात पाऊण भाग पाणीही जास्त होतं. तिथं निम्म्याहून कमीच भरतात किंवा भरतच नाहीत. चाक फिरत असतं तेव्हा हे हवेचं पोकळ घर सतत वरच राहतं. टायर फिरतो, पाणी खाली राहतं, हवा वर राहते. हे चित्र मनात फिरू द्या: बाहेर सगळं वळतंय, आत पाणी आपली पातळी धरून आहे.

थंड देशांत ही गोष्ट एवढी सोपी नाही. तिथं चाकातलं पाणी हिवाळ्यात गोठतं आणि बर्फ ट्यूब फाडतो, म्हणून पाण्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवायची पद्धत पडली. ते पाणी गोठत नाही, जडही होतं, पण गळलं की लोखंड कुरतडतं. अमेरिकेत अलीकडं साखरबीटचा, साखर काढून घेतल्यावर उरलेला रस चाकांत भरतात. तो पाण्यापेक्षा जवळपास तीस टक्के जड असतो आणि गंज आणत नाही. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात ही माहिती वाचताना गंमत वाटेल, पण आपल्याला तिची गरज नाही. सोलापूरचा हिवाळा चाकातलं पाणी कधीच गोठवत नाही.

ट्रॅक्टरला रबरी टायर आले तेच मुळी १९३२ च्या सुमाराला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ॲलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टरवर. त्याआधी चाकं लोखंडाची, दातेरी. ती मातीत दात रोवत आणि ओढत. रबर आलं, चाक मऊ झालं, आणि पकड वजनातून आणायची गरज वाढली.

त्याच काळात आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन वेगळ्याच वाटेनं विचार करत होता. पहिल्या महायुद्धात आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख करताना त्यानं अवजड यंत्रं जमीन दाबून टाकताना पाहिली होती, आणि नांगर अडकला की हलकी यंत्रं मागं उलटून ड्रायव्हरला चिरडताना पाहिली होती. त्यानं नांगर ट्रॅक्टरला साखळीनं न बांधता तीन ठिकाणी जोडला, दोन दांडे खाली आणि एक वर. नांगराला मातीची जी ओढ बसते ती या जोडणीतून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर दाब होऊन येते. १९३९ मध्ये ही रचना फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज आपल्याकडं रानात दिसणाऱ्या बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं तेच तीन दांडे असतात.

यावर थोडा जास्त वेळ घालवा, कारण मला हा सगळ्यात विलक्षण विचार वाटतो. नांगर जितका खोल जातो, माती जितका विरोध करते, तितकं चाक घट्ट बसतं. जे ओढायचंय त्याच्याच विरोधातून ओढण्यासाठी लागणारा भार मिळतो. आणि काम थांबलं, नांगर वर उचलला, की तो भार आपोआप नाहीसा होतो. कुणाला दगड उतरवून ठेवावा लागत नाही. म्हणून चाकात पाणी भरायच्या आधी ड्रायव्हरनं ड्राफ्टचा, म्हणजे मातीच्या ओढीप्रमाणं नांगर वर-खाली करणारा, लिव्हर नीट लावून बघावा, वरचा दांडा योग्य भोकात आहे का ते बघावं. कित्येकदा तेवढ्यानंच स्लिप थांबते.

उसाच्या ट्रॉल्यांचं मात्र वेगळं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर जिल्ह्यात ऊस पसरला, आणि हंगामात तेच ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. चढावर पुढची चाकं उचलतात. मागच्या चाकांत पाणी असलं तर रानातून बाहेर पडताना पकड मिळते, हे खरं. पण तोंड उचलायचं थांबत नाही. त्याला पुढं बंपरवर वजन लागतं, ट्रॉलीची पिन खालच्या हुकात लागते, आणि मुळात ट्रॉलीत माप ओलांडून ऊस नसावा लागतो. तोंड उचललेल्या ट्रॅक्टरला स्टेअरिंग नसतं. रात्रीच्या रस्त्यावर त्याच्यासमोर दुचाकीवर कुणीतरी असतं.

आता परत रानात या. चाकं भरलेली आहेत. नांगर जमिनीत आहे. ट्रॅक्टर चालतोय.

चाकावर चुन्यानं एक खूण करा. नांगर वर उचलून ट्रॅक्टर चालवा आणि खूण दहा वेळा खाली येईपर्यंत किती अंतर कापलं ते पावलांनी मोजा. समजा चाळीस मीटर भरलं. मग त्याच रानात नांगर उतरवून तेच करा. चौतीस मीटर भरलं तर चाकानं दहा फेऱ्यांत सहा मीटर गमावले, म्हणजे पंधरा टक्के. तीस मीटर भरलं तर पंचवीस टक्के: डिझेलचा चौथा हिस्सा माती उडवण्यात गेला आणि टायरही तेवढाच झिजला.

मग शून्य टक्के व्हावेत एवढं वजन का घालू नये?

हा प्रश्न मनात घोळवा. सरळ वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी मला अनेकदा विचारात पाडते. जे चाक ओढतं ते घसरतंच. टायरच्या पट्टीनं मातीला थोडं मागं सरकवल्याशिवाय माती आपला जोर परत देत नाही. सरकणं अजिबात नसेल तर ओढणंही नसतं. नांगरटीत चांगल्या चाकाची घसरण साधारण आठ ते पंधरा टक्के असते, आणि ती आठच्याही खाली गेली तर समजावं की वजन जास्त झालंय. तेव्हा ट्रॅक्टर नांगराबरोबर स्वतःलाही ओढत असतो. मऊ मातीत जड चाक खाली बसतं आणि आपणच केलेल्या खड्ड्यातून सतत वर चढत राहतं. गिअर आणि एक्सलवर ताण येतो. घसरण ही त्यांची सुटकेची वाट होती, ती आपण बंद केली.

तेव्हा चुन्याची खूण दर हंगामाला करावी. डोळ्यांनी बघून हे कळत नाही, आणि शेजाऱ्यानं किती पाणी भरलं त्यावरून तर नाहीच.

इतका वेळ आपण चाकाच्या बाजूनं विचार केला. आता खाली उतरा. चाकाच्या खाली, मातीत.

सोलापूरची खोल काळी जमीन मीटरभर आणि त्याहून खोल जाते. तिच्यात चिकणमातीचा अंश निम्म्याच्या आसपास किंवा जास्त. ही माती पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत मनगट सहज जातं, काही ठिकाणी काठी घातली तर हातभर सहज उतरते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घरंगळते. पाऊस पडतो, खालची माती फुगते आणि आत पडलेल्या मातीला जागा करून देताना बाजूची वर लोटते. वर्षानुवर्षं हे चालतं. ही जमीन स्वतःच स्वतःला वरखाली करत असते, फार हळू, कुणी बघत नसताना. तिच्या मुक्कामात तुम्ही पाहुणे आहात अशा मनानं तिथं थोडं बसा.

या जमिनीवर पाऊस थोडा आणि लहरी पडतो. म्हणून इथल्या कोरडवाहू शेतीची रीत अशी पडली की पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या देत राहायच्या, पडलेला थेंब जमिनीत मुरवायचा, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्या साठवलेल्या ओलीवर ज्वारी पेरायची. पुढं पाऊस आला तर आला. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. एन. व्ही. कानिटकरांसारख्या संशोधकांनी ही ओल मोजली, तिचा हिशेब मांडला. मोहोळच्या केंद्रावर निवड करून तयार झालेलं मालदांडी ३५-१ हे ज्वारीचं वाण याच ओलीवर येतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातही या मातीचाच वाटा मोठा.

म्हणजे ही जमीन हौद आहे. आणि हौदाची जागा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळ्या. आता ते जड चाक परत आणा आणि त्याचा भार खाली कुठवर जातो ते बघा. वरच्या चार-सहा इंचांत मातीवर येणारा दाब टायर किती रुंद टेकला आणि त्यात किती हवा आहे यावर ठरतो. हवा कमी असली की टायर पसरतो आणि वरचा दाब हलका होतो. पण खोलवर, नांगराच्या फाळाच्याही खाली, जो दाब पोचतो तो एक्सलवरच्या एकूण वजनावर ठरतो. तिथं टायर रुंद करून फारसं साधत नाही. तिथल्या पोकळ्या एकदा दबल्या की वर्षानुवर्षं तशाच राहू शकतात. काळी माती फुगण्या-आकसण्यानं त्यातलं काही भरून काढते, आपल्याला मिळालेलं हे मोठंच दान आहे. पण तेही सगळं भरून काढत नाही, आणि दर हंगामाला नवं दाबत राहिलो तर तिला उसंतच मिळत नाही.

आणि ओल्या मातीवर हाच भार कितीतरी जास्त बोचतो. वैशाखात वाळून दगड झालेली जमीन चाकाचं वजन सहज पेलते. भाद्रपदात पाऊस होऊन गेलाय, वर थोडं सुकलंय, खाली चिखल आहे, अशा वेळी तेच चाक हौदाची भिंत चेपतं. वाफसा आला की नाही, म्हणजे जमीन कामाजोगी सुकली की नाही, हे बघायला पूर्वी माणूस रानात जाऊन ढेकूळ उचलायचा, मुठीत दाबायचा, सोडायचा. फुटलं तर वाफसा. चिकटलं तर घरी. ट्रॅक्टरच्या उंच सीटवरून ढेकूळ मुठीत घेता येत नाही. खाली उतरावं लागतं.

मनातल्या मनात उतरा. मूठभर माती घ्या. दाबा. सोडा. ती काय करते ते बघा, आणि ती जे सांगेल ते ऐकायची तयारी असेल तरच पुढं चला.

नांगरट झाली. मृग-आर्द्रा होऊन गेल्या, रान मोकळं आहे. आता चाकं रिकामी करायची वेळ. बहुतेक जण इथंच विसरतात. एप्रिलात भरलेलं पाणी सप्टेंबरात पेरणीलाही चाकातच असतं, ज्या कामाला त्याची काहीच गरज नाही. पेरणीयंत्र हलकं असतं, जमीन ओली असते. तेव्हा तो चारशे किलोचा भार नांगराच्या उपयोगाचा नसतो, तो फक्त ओलीच्या उरावर असतो. कुळवावरचा दगड रोज संध्याकाळी उतरायचा कारण तो दिसत असे. चाकातलं पाणी दिसत नाही.

जॅक लावा. वॉल्व्ह या वेळी सगळ्यात खाली आणा. पिन काढा. आत हवेचा दाब आहे, त्यामुळं पाणी आधी धारेनं येईल. धारेसमोर तोंड नको. मग धार बारीक होईल. शेवटचं पाणी काढायला कॉम्प्रेसरनं थोडी हवा भरून पुन्हा सोडावी लागते. चाक बांधाजवळ उभं करून हे केलं तर दोनशे लिटर पाणी लिंबाच्या किंवा बोरीच्या बुडाला जातं. मग हवा नव्यानं भरायची, शेतकामाला कमी दाबानं. रिकामं झालेलं चाक थोडं वर उचलल्यासारखं दिसेल.

ज्वारी पेरली, वीतभर आली. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची असते. आठव्या आठवड्यातली खास भेगा बुजवायला, कारण भेगांतून ओल उडून जाते. त्या पाळीला ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, तिथं ट्रॅक्टर जात नाही. कोळप्यामागं चालणाऱ्या माणसाच्या हाताचा दाब तिथं पुरतो.

आणि माघात काढणी येते. सोलापूरकडं रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. जमीन तोवर वाळून पक्की झालेली असते आणि मुळं तिच्यात घट्ट. बाया-पुरुष ओळीनं उभे राहतात, दोन्ही हातांनी ताट धरतात, टाचा जमिनीत रोवतात आणि अंग मागं टाकतात. नुसत्या दंडाच्या जोरावर ताट निघत नाही. निघतं ते अख्ख्या अंगाच्या वजनावर. टाच थोडी सरकते, ढेकूळ फुटतं, मुळं सुटतात. दिवसभर, ओळीमागून ओळ, तळहाताला फोड येईपर्यंत.

तुमच्या ओळखीत कुणाचं रान असेल तर फेब्रुवारीत तिथं जा. चपला बांधावर काढून ठेवा, आणि एक ताट उपटून बघा.